हशाला जागा सोडून

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणायची पद्धत आहे, आणि त्या नावापाठोपाठ जी यादी म्हटली जाते ती इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. बाबूराव पेंटरांचा देशी कॅमेरा, १९२०चा 'सैरंध्री', 'प्रभात'चे पाच भागीदार, १९३२चा 'अयोध्येचा राजा', मग भालजी पेंढारकरांचे मावळे, घोडे आणि तलवारी. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याची बातमी २०२२ साली फुटली तेव्हा सगळं गाव हळहळलं, आंदोलनं झाली. सगळं रास्तच आहे. पण या यादीत देव आहेत, राजे आहेत, शूरवीर आहेत. हसणारं माणूस एकही नाही.

खरं तर बोलपट आल्यावर मराठी माणसाला पडद्याकडे बघून खदखदून हसायला शिकवलं ते याच गावच्या मंडळींनी. १९३७ ते १९४२ या पाच-सहा वर्षांत 'धर्मवीर', 'प्रेमवीर', 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली', 'अर्धांगी', 'लग्न पहावे करून', 'सरकारी पाहुणे' अशी रांगच लागली. यांतलं 'ब्रह्मचारी' हे नाव अजून निघतं, तेही बहुधा एका पोहण्याच्या पोशाखामुळे. बाकीची नावं चित्रपटाच्या इतिहासाच्या पुस्तकांत कंसातल्या सालासकट पडून आहेत. त्या सालांच्या आत काय होतं, हा या लेखाचा विषय.

गोष्ट सुरू होते ती एका जाण्याने. १९२९च्या जूनमध्ये कोल्हापुरात उभी राहिलेली 'प्रभात' १९३३ साली पुण्याला गेली. गावात कलावंत होते, सुतार-रंगारी होते, संस्थानाला हौस होती. उठून गेली होती ती कंपनी. छत्रपती राजाराम महाराजांच्या पाठबळाने 'कोल्हापूर सिनेटोन' निघाली. आज ज्याला आपण जयप्रभा म्हणतो तीच ही वास्तू. इथे १९३५ साली मामा वरेरकरांच्या कथेवर 'विलासी ईश्वर' झाला. शोभना समर्थ यांचा तो पहिला चित्रपट, आणि दिग्दर्शक म्हणून मास्टर विनायक यांचाही पहिलाच.

विनायक दामोदर कर्नाटकी. जन्म कोल्हापूरचा, १९०६चा. बाबूराव आणि भालजी पेंढारकर हे भाऊ, व्ही. शांताराम मावसभाऊ, म्हणजे घरच्या पंक्तीलाच अख्खी चित्रसृष्टी बसलेली. 'अयोध्येचा राजा'त विनायकांनी नारद रंगवला होता. १९३६ साली बाबूराव पेंढारकर, विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी 'हंस पिक्चर्स' काढली. एक संसारी व्यवहारी नट, एक हळवा दिग्दर्शक आणि एक कॅमेरावाला. कंपनीला आणखी काय लागतं? लागतो तो लेखक. तो 'हंस'ला एक नव्हे, दोन मिळाले, आणि तेही एकमेकांच्या अगदी उलट्या तोंडाचे.

पहिले वि. स. खांडेकर. 'छाया' (१९३६), 'ज्वाला' (१९३८), 'देवता' (१९३९) या त्यांच्या कथा. खांडेकर शिरोड्याहून कोल्हापुरात राहायला आले तेही याच काळात, १९३८ साली. दुसरे आचार्य अत्रे. 'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' (१९३७), 'ब्रह्मचारी' (१९३८), 'ब्रँडीची बाटली' (१९३९), 'अर्धांगी' (१९४०). साल आणि लेखक शेजारी शेजारी मांडून बघा. एकदा रुमाल भिजवायचा, एकदा पोट धरायचं. दिग्दर्शक तोच, नटसंच बराचसा तोच, भांडवल तेच. ज्या माणसाला खांडेकरांची करुणा पेलत होती त्यालाच अत्र्यांचा फटका झेपत होता. मला वाटतं विनायकांच्या विनोदाला जो गोडवा आहे, तो या येरझाऱ्यांतून आलेला असावा. अत्रे एकटे असते तर या चित्रपटांना नुसती धार आली असती.

धार काय होती ते 'धर्मवीर'पासूनच दिसतं. पडद्यासाठी अत्र्यांनी लिहिलेली ही पहिली कथा, तिचा धागा इब्सेनच्या एका नाटकातून उचललेला. वरून धर्मात्मा आणि आतून भलताच, असा प्रतिष्ठित गृहस्थ. त्या वेळचे बोलपट संतांच्या चमत्कारांनी भरलेले होते. त्याच पडद्यावर धर्माच्या नावाने चाललेली सोंगं उघडी पाडायची म्हणजे देवळाच्या सभामंडपात तमाशा लावण्यासारखंच. अत्र्यांना ते नवं नव्हतं. १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' या नाटकातून त्यांनी वेडांची एक अख्खी जत्रा रंगमंचावर भरवली होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेला, गावोगाव व्यायामाचे, आहाराचे, संयमाचे प्रचारक हिंडत असलेले, असा तो काळ. त्या झाडाचं पडद्यावरचं फळ म्हणजे 'ब्रह्मचारी'.

कथा चार ओळींची. औदुंबर नावाचा साधा तरुण. देशभक्त जटाशंकर यांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकतो आणि पेटतो. खोलीतली नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायाम करू लागतो, घरदार सोडून सेवेच्या संस्थेत दाखल होतो. आणि मग तिथे येते किशोरी. पुढचं सांगायला नको.

आता हे कोल्हापुरात तयार झालं, ही त्यातली मजेची गोष्ट बाहेरच्याला चटकन कळत नाही. तालमींचं गाव हे. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं ते कुस्तीसाठी. इथे पैलवानाला 'लंगोटाचा सच्चा' म्हणणं हे सर्टिफिकेट आहे, आणि पेठेपेठेतल्या तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली ते आजही दिलं जातं. अशा गावातल्या कंपनीने ब्रह्मचर्याची टर उडवायची! पण चित्रपट नीट पाहिला तर टर ब्रह्मचर्याची नाही, हे लक्षात येतं. तालमीतला गडी लंगोटाबद्दल भाषण देत नाही. औदुंबराचं सगळं ब्रह्मचर्य व्याख्यानातून आलेलं आहे, उसनं आहे. विनायकांनी ते आपल्या चेहऱ्यावर अचूक आणलंय. ते देखणे होते, चेहरा कोवळा. निश्चय करताना त्यांची हनुवटी वर जाते आणि डोळे मात्र शाळेत नाव पुकारलेल्या पोरासारखे बावरतात. हसू त्या दोन अवयवांमधल्या भांडणाचं आहे.

त्या पोशाखातल्या गाण्याबद्दल बोलायलाच हवं. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात, ब्रह्मचारी काठावर. १९३८ साली या दृश्याने केवढा गहजब केला याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. सनातनी टीकाकार भडकले, आणि प्रेक्षक परत परत तिकीट काढून गेले. दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहतात. एक, मीनाक्षीबाईंचा हा पहिला चित्रपट, आणि तेव्हा त्या लग्न झालेल्या, आपल्या संसारात रमलेल्या बाई होत्या. कुणी फसवून, भुलवून पाण्यात उतरवलेली पोर नव्हती ती. दुसरी, गाणं आहे यमुनेच्या पाण्यातल्या खेळाचं. शब्द गवळणीच्या घरचे, चाल दादा चांदेकरांची सरळ गुणगुणता येणारी, आणि अंगावर पोशाख विलायती. गवळणीत गोपी कृष्णाला हेच म्हणत आल्या. शतकानुशतकं ते भक्तीत जमा झालं. पोशाख बदलला तेवढ्याने ते पाप कसं झालं, असा प्रश्न अत्रे तोंडाने विचारत नाहीत. नाईकांचा कॅमेराही चोरून बघत नाही. सरळ समोर उभा राहतो. चोरून बघतो तो औदुंबर. आजच्या गाण्यांच्या छायाचित्रणाशी ताडून पाहावं, निर्मळ कोण ते कळेल.

पण माझा जीव जडलेला आहे तो दामूअण्णांवर. दामूअण्णा मालवणकर हे नाटकातून आलेले. डोळे तिरळे. एरवी ज्या व्यंगाने माणूस नट व्हायचं सोडून देईल त्याचं त्यांनी शस्त्र केलं: ते नेमके कुणाकडे बघताहेत हे समोरच्या पात्राला कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. 'ब्रँडीची बाटली'त ते बगाराम झाले. नगरपालिकेतला कारकून, सरळ, भाबडा, मालतीवर जीव लावून बसलेला. तिचा भाऊ आजारी पडतो, औषध म्हणून ब्रँडी हवी असते. बगारामला ब्रँडी म्हणजे काय, ती कुठे मिळते, कशी मागायची, यातलं काहीच ठाऊक नाही. आणि तो ती आणायला निघतो. बस्स. एवढ्या काडीवर अख्खा चित्रपट उभा.

हा चित्रपट आला ते साल १९३९. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ होतं आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. म्हणजे सकाळी वर्तमानपत्रात जे वाचायचं तेच संध्याकाळी पडद्यावर. कोल्हापूर संस्थान त्या कायद्याच्या हद्दीबाहेर. मुंबईकडे बघून हसायला जागा अगदी सोयीची. दारूवर विनोद करणं सोपं असतं, झोकांड्या खाणारा माणूस दाखवला की काम भागतं. अत्र्यांनी तो मोह टाळला आणि दारूच्या मागे जगातला सगळ्यात शुद्धीवर असलेला माणूस धाडला. हा डाव लेखकाचा. तो पेलला दामूअण्णांनी.

याच सुमारास लंडनमध्ये विल हे नावाचा नट 'ओह, मिस्टर पोर्टर!' (१९३७) मध्ये एका मोडक्या स्टेशनाचा बावळट स्टेशनमास्तर रंगवत होता, आणि अमेरिकेत लॉरेल-हार्डीची जोडी जोरात होती. बोलपटाच्या पहिल्या दशकात सगळीकडे एकच घडत होतं: रंगमंचावरचे कसलेले विनोदी नट एकाएकी माईकसमोर आले. मूकपटाला धावपळ लागायची, यांना बोलायची सवय. तिकडे ते नाट्यगृहांतल्या फुटकळ प्रवेशांतून आले, आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्यांतून. विश्राम बेडेकरांनी १९३५ साली गडकऱ्यांचं 'ठकीचे लग्न' पडद्यावर आणलं तेही याच ओघात. आवाज चित्रीकरणाच्या वेळीच टिपायचा म्हणून माईकच्या टापूतून हलायची सोय नव्हती. नटाने एका जागी उभं राहून शब्दावर, भुवईवर आणि थांबण्यावर भागवायचं.

थांबण्यावर! आजच्या प्रेक्षकाला हे चित्रपट संथ वाटतात, त्याचं एक कारण या थांबण्यात आहे. घरी एकट्याने संगणकाच्या पडद्यावर, धुरकट प्रतीत पाहताना वाटतं की नट वाक्य बोलून उगाच गप्प उभा आहे. समोरचं पात्रही गप्प. दोन क्षण, तीन क्षण काहीच होत नाही. हळूहळू उलगडतं की ती हशाची जागा आहे. मंडळीत वाढलेल्या नटाला हाडीमांसी ठाऊक असतं की टाळी-हशा पुरता ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायचं नाही, नाहीतर ते वाया जातं. स्टुडिओत समोर प्रेक्षक नव्हता, तरी त्यांनी त्याची जागा राखून ठेवली. आठशे माणसांचा तो हशा आपण घरी कुठून आणणार? म्हणून मग चित्रपट कंटाळवाणा ठरतो. दोष नटाचा नाही, आपण चुकीच्या ठिकाणी बसून बघतो आहोत.

दोष नाहीतच असं मात्र नाही. गाणी लांबतात. अत्र्यांना एक कोटी सुचली की तिची भावंडंही बोलवायची खोड. संवाद मग पंगतीत आग्रह झाल्यासारखे होतात. शेवटाकडे सगळ्यांना सद्बुद्धी होण्याची घाई असते. आणि यातले बरेचसे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. 'ब्रँडीची बाटली'ची 'ब्रँडी की बोतल' झाली, 'अर्धांगी'ची 'घर की रानी'. बाजारासाठी ते भागच होतं. पण ज्या विनोदाचा अर्धा जीव सदाशिव पेठेतल्या बोलीत आणि अर्धा वर्तमानपत्री मराठीच्या फुगवट्यात, तो हिंदीत नेला की उरणार काय? बगाराम हिंदीत नुसता वेंधळा होतो. मराठीत तो नगरपालिकेतला वेंधळा असतो, आणि त्यात फरक आहे.

१९४० साली 'हंस'चा डाव मोडून 'नवयुग चित्रपट' ही मोठी मर्यादित कंपनी उभी राहिली. तिथे विनायकांनी चिं. वि. जोश्यांना गाठलं. बडोदे संस्थानात नोकरी करणारे, पालीचे पंडित असलेले हे गृहस्थ चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे जन्मदाते. 'लग्न पहावे करून' (१९४०) मध्ये दामूअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. एक सदा भांबावलेला, दुसरा अंगाने दणकट आणि त्याहून दणकट आत्मविश्वासाचा. अत्र्यांच्या विनोदाला कुणीतरी शत्रू लागतो, ढोंगी तरी, पुढारी तरी. चिं. विं.च्या विनोदाला फक्त घर पुरतं. लग्न जमवायचंय, पाहुणे यायचेत, आणि चिमणराव मदतीला धावलाय. एवढ्यावर संकट उभं राहतं. दोन वर्षांनी आलेल्या 'सरकारी पाहुणे'च्या तर नावालाच संस्थानी दरबाराचा वास आहे. संस्थानी गावातून आलेल्या दिग्दर्शकाला त्यातली गंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चिमणराव म्हटलं की माझ्या पिढीला दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आठवतात, आणि ते उत्तमच होते. पण त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी हा माणूस पडद्यावर चालून गेला होता, हे सांगितलं की लोक दचकतात.

पुढचं थोडक्यात. 'नवयुग'मध्ये मतभेद झाले. १९४३ साली विनायकांनी कोल्हापुरात 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. मास्टर दीनानाथ १९४२च्या एप्रिलमध्ये गेल्यावर त्यांच्या कुटुंबाला त्यांनी आधार दिला, आणि तेरा वर्षांची लता त्यांच्या चित्रपटांत लहानसहान कामं करू लागली. कंपनी मुंबईला हलली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य मिळून चार दिवस झाले असताना, विनायक गेले. वय एकेचाळीस. 'मंदिर' अर्धा राहिला होता, तो त्यांचे सहायक दिनकर द. पाटील यांनी पुरा केला. त्यात विनायकांची मुलगी नंदा बालनटी म्हणून पहिल्यांदा दिसली.

या माणसाच्या हाताखालून गेलेल्यांकडे पाहिलं की मराठी विनोदी चित्रपटाचा रस्ता कसा वळला ते कळतं. दिनकर पाटलांनी 'जय मल्हार', 'राम राम पाव्हणं' करत ग्रामीण चित्रपटाचा मार्ग पाडला. विनायकांच्या कंपनीत पोऱ्या म्हणून लागलेला राजा गोसावी १९५२ साली राजा परांजपे यांच्या 'लाखाची गोष्ट'चा नायक झाला, आणि चित्रपट चालू असताना पुण्याच्या भानुविलासच्या खिडकीत बसून स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटं विकत होता. अत्र्यांना असा प्रसंग सुचला असता तर तो अतिशयोक्त म्हणून कुणीतरी कापला असता. 'ब्रह्मचारी' पुढे नाटक होऊन रंगमंचावर आला. प्रशांत दामले आणि वर्षा उसगावकर यांनी तो ऐंशीच्या दशकात पुन्हा गाजवला. मूळ मात्र मागे पडत गेलं.

मागे पडण्याची कारणंही विनोदीच आहेत, जरा काळ्या अंगाने. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते, नाही पेटली तर कुजते. तिच्यातली चांदी विकली जायची, म्हणून कैक चित्रपट भंगारात गेले. ऐतिहासिक आणि संतपट निदान पुण्यकर्म म्हणून तरी कुणीतरी जपून ठेवत. बगारामला जपणार कोण? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तेच १९६४ साली, म्हणजे 'ब्रह्मचारी'नंतर सव्वीस वर्षांनी. तिथल्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गोदामं, घरं, भंगाराची दुकानं धुंडाळून जे वाचवलं तेवढं वाचलं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि हजारो रिळं गेली.

कोल्हापुरातल्या खुणांचं तेच. रंकाळ्यावर शालिनी पॅलेसजवळ शालिनी सिनेटोन होतं. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' इथे बोलता केला. ती जागा आता प्लॉटच्या भाषेत बोलली जाते. जयप्रभा आहे, पण तिच्याबद्दल बोलताना भालजी आठवतात, त्यांच्याआधीचे विनायक नाहीत. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली तो स्टुडिओ जळला, भालजींनी तो पुन्हा उभा केला. ती कहाणी इतकी मोठी आहे की तिच्या सावलीत आधीचं सगळं झाकलं गेलं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रस्त्यावर येऊन रडलं. हे गाव आपल्या वास्तूंसाठी रडतं, यात शंका नाही. त्या वास्तूंत काय होत असे, हे बघायला मात्र जमत नाही.

म्हणून एक मागणं आहे. गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय इथेच आहे. इराणचे, कोरियाचे चित्रपट आपण इथे भक्तिभावाने पाहतो, पाहावेतच. त्यांतल्या एका संध्याकाळी शाहू स्मारकात 'ब्रँडीची बाटली' लावा. मोफत लावा, कॉलेजची पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा एकत्र बसतील अशा वेळी लावा, आणि आधी तासभर भाषण ठेवू नका. जटाशंकरांच्या व्याख्यानाचं काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

आणि वाचकांना. त्या काळी चित्रपटगृहात एक-दोन आण्याला गाण्यांची पुस्तिका मिळायची. आत कथासार, नटांची नावं, गाण्यांचे शब्द, कधी एखादा फोटो. 'हंस'च्या, 'नवयुग'च्या अशा पुस्तिका, जाहिरातीची पत्रकं, फोटो कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगावकडच्या जुन्या घरांतल्या ट्रंकांत अजून असणार. चित्रपटाची प्रत गेली तरी या कागदांवरून पुष्कळ काही कळतं. माळा आवरताना ते रद्दीत घालू नका. पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असे कागद घेतात. २०२८ साली 'ब्रह्मचारी'ला नव्वद वर्षं होतील. तेवढा अवधी हातात आहे.